पुण्याभोवतीचे रस्ते: पैसा कुठून येतो आणि काम कुठे अडतं

वाघोलीहून हिंजवडीला निघालेली गाडी वाटेत पाच-सहा कार्यालयांच्या हद्दी ओलांडते. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, पण तिच्यातून जाणारा नगर रस्ता हा महामार्ग आहे. विद्यापीठ चौकातला नवा पूल आणि त्यावरची मेट्रो पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. औंध-बाणेर पुणे महापालिकेचं, वाकड पिंपरी-चिंचवडचं. मुंबई-बंगळूर महामार्ग ओलांडला तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. हिंजवडीच्या टप्प्यांतले रस्ते एमआयडीसीचे, आणि तिथून थोडं पुढे माणच्या वाड्यावस्त्यांकडे वळलं की जिल्हा परिषद सुरू. खड्डा एकच दिसतो, पण तो कोणी बुजवायचा हे शंभर मीटरवर बदलतं. आपल्याकडच्या रस्त्यांची चर्चा बहुतेक वेळा 'निधी मिळाला की नाही' एवढ्यावर संपते. माझं मत असं की पुणे परिसरात रस्ता पैशावाचून क्वचितच अडतो. तो अडतो जागेवर आणि दोन हद्दींच्या सांध्यावर. पैसा कुठून आला यावरून मात्र रस्ता कसा होणार, हे बरंचसं ठरतं.

सुरुवात रस्त्याच्या दर्जापासून करू, कारण पैशाची वाट तिथूनच फुटते. महापालिकेच्या हद्दीबाहेर राष्ट्रीय महामार्ग, प्रमुख राज्यमार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे. सरकारी कागदावर यातले शेवटचे तीन 'प्रजिमा', 'इजिमा' आणि 'ग्रामा' म्हणून येतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. प्रजिमापर्यंतचे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेकडे. म्हणून गावोगावी 'दर्जोन्नती'ची मागणी होते. ग्रामा असलेला रस्ता प्रजिमा झाला की तो बांधकाम विभागाच्या यादीत जातो आणि राज्याच्या अर्थसंकल्पातून मोठं काम मिळण्याची शक्यता तयार होते. पण दर्जा वाढला म्हणून जमीन वाढत नाही. कागदावर प्रजिमा आणि प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या बांधांमध्ये पाच-सहा मीटरची वाट, असे रस्ते मुळशीत आणि मावळात भरपूर सापडतील. तिथे रुंदीकरण मंजूर झालं तरी शेतकऱ्यांची संमती किंवा भूसंपादन झाल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि बहुतेक वेळा आहे त्याच रुंदीवर डांबर पडतं.

आता पैसा. राज्याच्या अर्थसंकल्पात रस्त्यांचे दोन परिचित लेखाशीर्ष (खर्चाची क्रमांकित खाती) आहेत: नवीन कामं आणि रुंदीकरण ५०५४ खाली, देखभाल-दुरुस्ती ३०५४ खाली. जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीतून पैसे मिळतात. गावांतर्गत छोट्या कामांसाठी २५१५ हे शीर्ष तर राजकारणात आकड्यानेच ओळखलं जातं. पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातून केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी तयार होतो. जुन्या लोकांच्या तोंडी तो अजून सीआरएफ, म्हणजे केंद्रीय मार्ग निधीच आहे. नाबार्डचं ग्रामीण पायाभूत विकास कर्ज १९९५-९६ पासून चालू आहे आणि त्यातून पूल व ग्रामीण रस्ते होतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देतं.

या प्रत्येक पैशाला स्वतःची घड्याळं आहेत. राज्याच्या यंत्रणेने ३१ मार्चपर्यंत खर्च न केलेला निधी परत जातो. जिल्हा परिषदेला मात्र मिळालेला निधी खर्चायला पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत मुदत असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बांधकाम विभागाच्या रस्त्यांवर एकाएकी रोलर का फिरू लागतात आणि जिल्हा परिषदेची कामं वर्ष उलटून का निघतात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. मार्च गाठायच्या घाईत केलेल्या कामात पहिला बळी खालच्या थराचा जातो. वरचं कार्पेट दिसतं, म्हणून ते होतं. मुरूम आणि खडीचा थर पाणी मारून पुरेसा दाबायला वेळ लागतो, तो वाचवला जातो. पहिल्या पावसात रस्ता वरून उखडला असं आपण म्हणतो, पण खचतो तो तळातून.

मोठ्या रस्त्यांसाठी हायब्रिड ॲन्युइटी ही पद्धत आता रुळली आहे. राष्ट्रीय महामार्गांवर बांधकाम चालू असताना सरकार खर्चाचे ४० टक्के टप्प्याटप्प्याने देतं. उरलेले ६० टक्के ठेकेदार कंपनी उभे करते आणि काम संपल्यावर ते तिला १५ वर्षांत सहामाही हप्त्यांनी व्याजासह मिळतात. महाराष्ट्राने आपल्या राज्यमार्गांसाठी हे प्रमाण उलटं ठेवलं: ६० टक्के बांधकाम काळात, ४० टक्के पुढच्या दहा वर्षांत. फायदा असा की देखभाल त्याच कंपनीच्या गळ्यात राहते, त्यामुळे पहिल्यापासून जाड थर टाकण्यात तिचाच स्वार्थ असतो. तोटा असा की आज शंभर कोटींचा रस्ता झाला तर त्याचे हप्ते पुढच्या दहा अर्थसंकल्पांतून जाणार. असे रस्ते वाढत गेले की नव्या कामांना मोकळा पैसा उरत नाही, आणि वर्तमानपत्रात हे दायित्व कधी दिसत नाही.

महापालिकेचं गणित निराळं. एका वर्षात न संपणाऱ्या कामाला महापालिका अधिनियमाच्या कलम ७२ ब खाली पुढच्या वर्षांच्या खर्चाची मान्यता लागते. पालिकेत अशा कामाला थेट '७२ ब चं काम' म्हणतात. ती घेतली नाही तर दुसऱ्या वर्षी तरतूदच नसते, ठेकेदार यंत्रं उचलून दुसरीकडे नेतो, आणि अर्धवट खोदलेला रस्ता तसाच राहतो. पीएमआरडीएला (स्थापना २०१५) मालमत्ता कर नाही. तिची मोठी भिस्त बांधकाम परवानगीच्या विकास शुल्कावर आणि जमिनींच्या लिलावावर. बांधकाम बाजार थंडावला की तिच्या रस्त्यांचा वेगही त्याबरोबर उतरतो.

'अर्थसंकल्पात काम लागलं' ही बातमी फार लवकर आनंद देते. त्या नोंदीचा नमुना असा असतो: 'अमुक ते तमुक रस्ता, प्रजिमा इतका, किमी ४/५०० ते ९/२०० मध्ये रुंदीकरणासह सुधारणा करणे.' हे दोन आकडे नीट वाचावेत. ४/५०० म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून ४ किलोमीटर ५०० मीटर. म्हणजे काम ४ किलोमीटर ७०० मीटरचं, सबंध रस्त्याचं नव्हे. गावकऱ्यांची निम्मी भांडणं इथे मिटतील: गावातला खराब तुकडा किमी ९/६०० वर असेल तर तो या कामात नाहीच. शेजारच्या रकान्यात कामाची एकूण किंमत आणि त्या वर्षाची तरतूद असते. किंमत काही कोटी आणि तरतूद काही लाख असेल तर ती नाममात्र तरतूद समजावी. रस्ता यादीत राहावा एवढाच तिचा उपयोग.

यानंतर प्रशासकीय मान्यता, म्हणजे हे काम करावं आणि इतक्या रकमेपर्यंत करावं हा निर्णय. मग सविस्तर अंदाजपत्रक राज्य दरसूचीवर बांधून तांत्रिक मान्यता. मग ई-निविदा, कार्यारंभ आदेश, आणि प्रत्यक्ष कामाच्या नोंदी मोजमाप पुस्तकात. ठेकेदाराचं देयक या पुस्तकावरून निघतं. खर्च मंजूर रकमेच्या बराच वर गेला तर सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. खात्यात तिला 'सुप्रमा' म्हणतात. ती मंत्रालयात जाते, आणि तोवर काम मंदावतं. सुप्रमा का लागते? बहुतेकदा जमिनीखाली काय आहे हे आधी पाहिलेलंच नसतं म्हणून. अंदाजपत्रकात साधी माती धरलेली, खोदल्यावर कातळ. मोरी दोन नळ्यांची धरलेली, ओढ्याला पूर आल्यावर चौकटीची मोरी बांधायची ठरते. सविस्तर प्रकल्प अहवालावर, म्हणजे डीपीआरवर, वाचवलेला पैसा असा दुपटीने जातो.

नियोजनाच्या टप्प्यावर सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाहनांची मोजणी. सलग सात दिवस, चोवीस तास, प्रत्येक प्रकारची वाहनं वेगवेगळी मोजतात आणि त्यांचं रूपांतर मोटारीच्या एककात करतात: मोटार १, दुचाकी ०.५, ट्रक किंवा बस ३, ट्रॉलीचा ट्रॅक्टर ४.५. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे सपाट भागातल्या दुपदरी रस्त्याची रोजची सोयीची क्षमता १५,००० एककं आणि चौपदरीची बाजूपट्ट्यांप्रमाणे ३५,००० ते ४०,०००. आता ही मोजणी दौंड-बारामतीकडच्या रस्त्यावर जुलैत केली तर काय होईल? ऊस गाळपाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. जुलैत एकही ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर रस्त्यावर नसतो, आणि जानेवारीत दर थोड्या मिनिटाला दोन ट्रॉल्यांचा एक जातो. मोजणीचा महिना चुकला की रस्त्याची रुंदीही चुकते आणि जाडीही. जाडी किती जड आस (वाहनाचा ॲक्सल) किती वेळा जाणार यावर ठरते. दुचाकी लाखो गेल्या तरी रस्त्याला फार फरक पडत नाही, जादा भरलेल्या ट्रकने पडतो. म्हणून डीपीआर हातात आला तर आधी मोजणीच्या तारखा आणि जागा पाहाव्यात. चाकणच्या रस्त्याची मोजणी कारखान्यांना सुट्टी असलेल्या आठवड्यात झाली असेल तर पुढची सगळी पानं चुकीच्या पायावर उभी आहेत.

जागेचं प्रकरण मात्र सविस्तर सांगायला हवं.

कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर रुंद करायचा ठरला, कामाचे आदेश २०१८ मध्ये निघाले, आणि जागा ताब्यात नसल्याने पुढे रुंदी ५० मीटरवर आणावी लागली. शिवणे-खराडी नदीकाठचा रस्ता तुकड्यातुकड्यांत झाला. मधले दुवे जागेअभावी राहिले. विकास आराखड्यात रस्त्याची रेघ ओढली म्हणजे जमीन पालिकेची झाली, असा गैरसमज फार जुना आहे. एचसीएमटीआर (जास्त क्षमतेच्या सार्वजनिक वाहतुकीसाठीचा) हा शहरातला वर्तुळाकार मार्ग १९८७ च्या आराखड्यात होता; इतक्या वर्षांनंतरही तो कागदावरच आहे.

महापालिका हद्दीत जागा मिळवायचे तीन मार्ग: रोख मोबदला, जास्तीचं चटईक्षेत्र किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), आणि सक्तीचं भूसंपादन. पालिकेला टीडीआर आवडतो, कारण तिजोरीतून पैसा जात नाही. जमीनमालकाला तो नेहमी परवडतो असं नाही. बाजारात टीडीआर भरपूर असला की भाव पडतो, आणि छोट्या प्लॉटच्या मालकाला, ज्याचं दुकानच रस्त्यात जातंय, त्याला कागद नको असतो, रोख हवी असते. हे आधी ओळखून रोख मोबदल्याची तरतूद ठेवली नाही तर नव्वद टक्के रस्ता होतो आणि चौकातली दोन दुकानं तशीच राहतात. वाहतूक त्याच दोन दुकानांपाशी तुंबते, त्यामुळे बाकीच्या नव्वद टक्क्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

ग्रामीण भागात २०१३ च्या भूसंपादन कायद्याने किंमत ठरते. आधीच्या तीन वर्षांतले आसपासचे खरेदीखतांचे दर घेतात, त्यातल्या वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी काढतात. ती आणि शीघ्रसिद्ध गणकाचा (रेडी रेकनरचा) दर यांतला जो जास्त असेल तो धरतात. त्याला शहरापासूनच्या अंतरावर ठरणारा गुणक लावतात, झाडं-विहिरी-बांधकामांची किंमत मिळवतात, आणि एकूण रकमेवर १०० टक्के दिलासा रक्कम. शिवाय जमिनीच्या बाजारभावावर अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशापर्यंत, वर्षाला १२ टक्के. मुदतीत संमतीने जमीन दिली तर राज्याच्या धोरणात २५ टक्के जादा आहेत. एमएसआरडीसीच्या (राज्य रस्ते विकास महामंडळाच्या) ११० मीटर रुंद वर्तुळाकार रस्त्यासाठी मावळ, मुळशी, भोर, खेड, हवेली, पुरंदरमध्ये हीच पद्धत वापरली गेली. यातली मेख खरेदीखतात आहे. वर्षानुवर्षं व्यवहारात रक्कम कमी दाखवली असेल तर सरासरीही कमीच येणार, आणि मग 'बाजारभाव मिळाला नाही' ही तक्रार कागदावर टिकत नाही.

संयुक्त मोजणीचा दिवस हा शेतकऱ्याच्या दृष्टीने निवाड्यापेक्षाही महत्त्वाचा असतो. भूमी अभिलेखचा भूकरमापक, संपादन करणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी, तलाठी आणि खातेदार एकत्र शेतात जातात. गटातून किती गुंठे जातात, आंब्याची किती झाडं, त्यांची वयं, बोअर, विहीर, जमिनीखालची पाइपलाइन, गोठा, कंपाउंड हे त्या दिवशीच्या पत्रकात लिहिलं गेलं तरच पुढे मोजलं जातं. फळझाडांचं मूल्यांकन कृषी खातं करतं, जंगली झाडांचं वन खातं, बांधकामांचं बांधकाम विभाग. जमिनीखालची पाइपलाइन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती नेहमी सुटते; खातेदाराने दोन ठिकाणी उकरून दाखवलेली बरी. सातबाऱ्यावर मयत आजोबांचं नाव असेल तर वारस नोंद आधी करून घ्यावी. वारसांचा वाद असला की मोबदला प्राधिकरणाकडे किंवा न्यायालयात जमा होतो आणि जमीन जाते, पैसे मात्र अडकतात. भोगवटादार वर्ग २ च्या (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) जमिनीत सरकारचा हिस्सा किती, हा प्रश्नही निवाड्याआधीच तहसीलमध्ये सोडवून घ्यायचा.

जागा किती हातात आल्यावर काम सुरू करावं? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने साधारण नियम घालून घेतला आहे: सरकारी खर्चाच्या ईपीसी कामात ९० टक्के, हायब्रिड ॲन्युइटीत ८० टक्के जागा असल्याशिवाय ठेकेदाराचा मुदतीचा दिवस सुरू होत नाही. मला हा नियम महापालिकांनीही जसाच्या तसा उचलावा असं वाटतं, आणि एक दुरुस्ती करून: टक्केवारी लांबीची सलग धरावी, क्षेत्रफळाची नव्हे. ९० टक्के क्षेत्र ताब्यात असून मधल्या बारा ठिकाणी पन्नास-पन्नास मीटर अडलेलं असेल तर डांबराचा पेव्हर दर वेळी उचलून पुढे न्यावा लागतो, सांधे पडतात, आणि प्रत्येक सांध्यातून पाणी खाली उतरतं.

समन्वयाची सगळ्यांना ठाऊक असलेली दोन उदाहरणं आहेत. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावा लागला, कारण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो त्यात बसत नव्हती. नळ स्टॉपला मात्र महापालिका आणि महामेट्रोने एकाच खांबांवर खाली पूल आणि वर मेट्रो घेतली. तो पूल २०२२ मध्ये खुला झाला. फरक अभियांत्रिकीचा नव्हता. एका ठिकाणी दोन्ही आराखडे एका टेबलावर होते, दुसऱ्या ठिकाणी पूल आधी झाला आणि मेट्रोची रेघ नंतर आली. चांदणी चौकात पूल महामार्ग प्राधिकरणाने बांधायचा आणि जागा महापालिकेने मिळवून द्यायची अशी वाटणी होती. भूमिपूजन २०१७, जुना पूल स्फोटकांनी पाडला तो ऑक्टोबर २०२२, लोकार्पण ऑगस्ट २०२३. सुरुवातीची वर्षं प्रामुख्याने जागेत गेली.

रोजच्या रस्त्यावर समन्वय म्हणजे सेवावाहिन्या. महावितरणच्या केबल, पिण्याच्या पाण्याची मुख्य वाहिनी, सांडपाणी, गॅस, इंटरनेटच्या केबल. त्या हलवायचा खर्च रस्ता करणारी संस्था भरते आणि काम वाहिनीचा मालक करतो. याला ठेव काम म्हणतात. पैसे भरायला उशीर झाला की महावितरणची निविदा उशिरा निघते, आणि नवा रुंद रस्ता विजेचे खांब मधोमध घेऊन उभा राहतो. रस्ता काँक्रीटचा असेल तर क्रम फार काटेकोर लागतो. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात, दर साडेचार मीटरच्या आसपास सांधा कापतात, आणि सांध्यांत लोखंडी गज भार पुढच्या फरशीकडे नेतात. नंतर गॅसवाहिनीसाठी मधेच चर कापला तर तेवढा तुकडा भरून भागत नाही. सांध्यापासून सांध्यापर्यंत अख्खी फरशी काढून नवी ओतावी लागते. तसं कोणी करत नाही, म्हणून महिनाभरात तिथे आडवा खड्डा पडतो. डांबरी रस्त्यावरचा चरही पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांत दाबत भरायला हवा. निघालेली माती एकदम लोटून वरून डांबराचा पापुद्रा दिला की पावसात चर बसतोच.

रेल्वे पुलाचा अनुभव वेगळा. रुळांवरचा भाग रेल्वे स्वतः बांधते किंवा तिच्या देखरेखीत होतो, पोहोचरस्ते बांधकाम विभाग किंवा पालिका करते. पुलाचा सर्वसाधारण आराखडा रेल्वेने मान्य केल्याशिवाय पोहोचरस्त्यांची उंची नक्की होत नाही. तरी घाईने पोहोचरस्ते आधी बांधतात आणि मध्ये अंतर राहतं. झाडांसाठी १९७५ चा वृक्ष कायदा आहे. झाडं जात असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. संरक्षण खात्याच्या जमिनीला, आणि त्या पुण्यात सगळीकडे आहेत, दिल्लीची परवानगी लागते. हे तिन्ही अर्ज प्रशासकीय मान्यतेच्या दिवशीच निघाले पाहिजेत. निविदा झाल्यावर काढले तर ठेकेदार दरवाढ मागतो आणि ती त्याला मिळते.

आपल्या भागातल्या रस्त्याचं खरं काय चाललंय हे कळायला माहिती अधिकारात पाच कागद मागावेत: प्रशासकीय मान्यतेचा आदेश, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, ताब्यातल्या जागेचं साखळी क्रमांकानिहाय (किमी ४/५०० सारख्या अंतरांप्रमाणे) पत्रक, आणि सेवावाहिन्यांसाठी भरलेल्या रकमांच्या पावत्या. 'रस्त्याची सद्यस्थिती कळवावी' असं मोघम विचारलं तर 'काम प्रगतीपथावर आहे' हे उत्तर येतं. अर्ज कोणाकडे, हे रस्त्याच्या दर्जावरून ठरेल: प्रजिमा असेल तर बांधकाम विभागाचा कार्यकारी अभियंता, ग्रामा असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा.

जमीन राष्ट्रीय महामार्गात जात असेल तर वेळेचं भान फार ठेवायचं. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३ए ची, म्हणजे जमीन घेण्याच्या इराद्याची, अधिसूचना प्रसिद्ध झाली की हरकतीला फक्त २१ दिवस असतात. ३ए नंतर एका वर्षात ३डी ची, म्हणजे संपादनाची, घोषणा झाली नाही तर ३ए रद्द ठरते. झाली तर त्या दिवसापासून जमीन केंद्र सरकारची. हरकत लेखी, गट नंबर, क्षेत्र आणि कारण लिहून, प्रांत कार्यालयात किंवा जो सक्षम अधिकारी नेमला असेल त्याच्याकडे द्यावी आणि पोच घ्यावी. 'आमचा रस्त्याला विरोध आहे' एवढ्याच हरकतीला फारसं वजन मिळत नाही. 'गट नंबर अमुकमध्ये रेषा वीस मीटर पूर्वेला नेली तर विहीर आणि घर वाचतं, आणि वळणाची त्रिज्या बदलत नाही' असं नकाशासह लिहिलेली हरकत सुनावणीत वाचली जाते. पुण्याभोवती एमएसआरडीसीचा बाहेरचा आणि पीएमआरडीएचा ६५ मीटरचा आतला, असे दोन वर्तुळाकार रस्ते आहेत. हातातली नोटीस कोणाच्या रस्त्याची आणि कोणत्या कायद्याखालची, हे पहिल्या पानावरच्या कलमावरून आधी तपासून घ्यायचं, कारण हरकतीची मुदत आणि पत्ता दोन्ही त्यावरच ठरतात.